दाराच्या जागी पडदा

सर, परवा तुमच्या स्मृतिदिनाला आले होते. हार घातला नाही. एरवी दरवर्षी काहीतरी कारण काढून टाळते, यंदा मुद्दाम पुढच्या रांगेत बसले, कारण यंदा तुमची फजिती होणार हे मला ठाऊक होतं. ती झाली. तुमच्यापर्यंत ही बातमी पोचवायला दुसरं कुणी पुढे येणार नाही, म्हणून मीच लिहायला बसले आहे.

बिबवेवाडीच्या रिंकवर तुम्ही मला पहिल्यांदा गोलमध्ये उभं केलंत तो दिवस आठवतो. तुम्ही टेनिसचा चेंडू माझ्या तोंडाच्या दिशेने मारत होतात आणि मी डोळे मिटत नव्हते. "ही मिटत नाही. हिला ठेवा," एवढंच म्हणालात. घरी जाऊन आई कणीक मळत असताना मी तिला ते वाक्य इतक्या वेळा ऐकवलं की ती म्हणाली, आता त्याची आरती कर. पुण्यात बर्फ दिसायचा तो उसाच्या रसात. आम्ही हॉकी शिकलो चाकांच्या स्केट्सवर, सिमेंटवर, आणि तेवढ्या भांडवलावर तुम्ही आम्हा मुलींना आइस हॉकीच्या राष्ट्रीय स्पर्धेला लेहला घेऊन गेलात. त्याचं श्रेय तुमचंच. ते मी कधी नाकारलं नाही, आणि नाकारायला लोक देतातही कुठे.

ती वाट मला अजून दिसते. कपडे बदलायची खोली, आणि तिथून बर्फापर्यंत सिमेंटची फरसबंदी. बाकीच्या संघांतल्या मुली स्केट्सच्या पात्यांवर रबरी कव्हरं चढवून चालल्या आहेत. मी तुम्हाला विचारते, "सर, आपल्याला ती नकोत का?" तुम्ही हसता. "त्यांचे पाय नाजूक असतील. आपण सिमेंटवरच वाढलोय. चला." आम्हाला ते पटलंही. चाकं घालून आम्ही रिंकबाहेरच्या वडापावच्या गाडीपर्यंत चालत जायचो, कधी काही बिघडलं नव्हतं. पाती सिमेंटवर करकरत गेली आणि बर्फावर पोचेपर्यंत त्यांची धार पार गेली. बोथट पात्यावर बाजूला रेटा दिला की पाय नुसता निसटतो. त्या दिवशी सगळ्याच पडत होत्या. पण पुढे खेळणारी पडली तर उठते, गोलकीपर पडली तर गोल होतो. आम्ही सपाटून हरलो.

संध्याकाळी सगळे शेगडीभोवती चहा घेत बसलो होतो. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "गोलकीपर म्हणजे दार असतं. आपण पडदा लावला होता." हशा पिकला. पुण्याला परतेपर्यंत माझं नाव पडदा झालं होतं, आणि कॉलेजातही ते माझ्या आधी जाऊन बसलं.

तेवढ्यावर असतं तर मी विसरलेही असते. टोमणा मारला नाही तर तो पुण्यातला मास्तर कसला! पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही सगळ्यांच्या पात्यांना धार लावून आणलीत आणि एकेकीच्या हातात नवी कव्हरं ठेवलीत. "लावा." का, ते सांगितलं नाहीत. म्हणजे तुम्हाला कळलं होतं, सर. माझ्यापाशी आलात तेव्हा हात रिकामे. "तुला कशाला? तू बसणार आहेस." गोलमध्ये दुसरी उभी राहिली, आम्ही जिंकलो, आणि जो तो म्हणाला, बघा, दार बदललं. तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून मी परतीच्या प्रवासभर तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुम्ही शेंगदाणे खात होतात.

या हिवाळ्यात त्याच स्पर्धेला अठरा वर्षांखालच्या मुलींची प्रशिक्षक म्हणून मी गेले. गोलकीपर तुमची नात. मीच निवडली. तीही डोळे मिटत नाही. पहिल्या सामन्याआधी कव्हरं चढवताना ती बाकीच्यांना सांगत होती, "अगं, आमचे आजोबा सांगायचे, त्यांच्या टीममध्ये एक मुलगी होती, फुल अ‍ॅटिट्यूड. आजोबा कव्हर लाव म्हणाले तरी तशीच चालत गेली. तिच्यामुळे टीम हरली."

म्हणजे घरी तुम्ही ही गोष्ट अशी सांगत होतात. माझ्या अंगाची लाही लाही झाली. सामन्याच्या तोंडावर गोलकीपरला असं काही सांगू नये, हे मला चांगलं कळतं. मी सांगितलं. सगळ्यांसमोर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि वर म्हटलं, "ती मुलगी मी." तुमच्या नातीने हेल्मेट चढवलं आणि ती बर्फावर गेली. तिने एकही गोल होऊ दिला नाही.

परवा माईक तिच्या हातात दिला, आजोबांच्या आठवणी सांग म्हणून. मला आधीच बजावल्याप्रमाणे तिने हीच सांगितली. "आजोबा चुकले होते. मॅडम नाही. आणि ते घरीसुद्धा खोटं बोलले." तुमचे चिरंजीव तिच्या हातातला माईक घ्यायला उठले आणि परत बसले. काकू पदराशी चाळा करत राहिल्या. मला फार बरं वाटलं, सर. घरी वारज्याला येऊन जेवले आणि दुपारी छान झोपले.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या फोटोमागे ठेवलं तर नात वाचेल, आणि तिने ते वाचायला नको. सामना जिंकल्यावर तिने मला विचारलं होतं, "मॅडम, पण तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?" मी म्हटलं, लहान होते. ते तितकंसं खरं नाही. तुम्ही पडदा म्हणालात आणि शेगडीभोवती सगळे हसले, तेव्हा मीही हसले होते. सगळ्यांत मोठ्याने.