कॉम्प्युटरच्या पोटातली गुडगुड

४ नोव्हेंबर, बुधवार

झाली फजिती! कोक-बोरूच्या उपांत्य सामन्याचं धावतं वर्णन करत होतो, नेहमीसारखं घरूनच. घोडेस्वार गोलापाशी भिडले, मी नाट्यमय दम घेतला — आणि माइकमध्ये गुडगुड... गुर्रर्र! सगळ्या बिश्केकने ऐकलं. लगेच श्रोत्यांचे मेसेज — ‘उलारबेकला कोणीतरी जेवायला घाला रे!’

पोट माझं नव्हतं, कॉम्प्युटरचं होतं! तो थंड राहावा म्हणून त्यात पाणी खेळवलंय. मी हौसेने नळ्या बदलल्या, आत हवा शिरली.

साहेबांचा फोन — ‘रविवारी अंतिम सामना. पुन्हा हा आवाज आला तर दुसरा माणूस बसवीन.’

५ नोव्हेंबर

पंप चालू-बंद केला. नळ्या चिमटीत दाबल्या. टाकीत पाणी भरलं. बुडबुडा वर येतो, माझ्याकडे बघतो, परत नळीत पळतो.

आईने मटणाचा शोर्पो आणून ठेवला. ‘पोट तुझंच आहे. मला कळतं.’

प्यायलो. गुडगुड चालूच.

६ नोव्हेंबर

कॉम्प्युटरचा डबा डावी-उजवीकडे कलवत राहायचा, मग हवा सुटते म्हणे. धूड आहे नुसतं! कंबर गेली.

७ नोव्हेंबर

आईने माळ्यावरून माझा बेशिक काढला — लाकडी पाळणा! ‘तुला झोपवलं, हा काय मोठा लागून गेला?’

कॉम्प्युटर आत ठेवला, बाळाला बांधतात तसा पट्ट्यांनी बांधला. फक्त पंप चालू. आई झोके देतेय, वर अंगाईही गातेय!

‘अंगाई कशाला?’

‘त्याशिवाय हात चालत नाही.’

पण बुडबुडे भराभर निघाले! एकच उरला, हट्टी. थकून आईने दुलई घातली. ‘धूळ नको जायला.’

तेवढ्यात शेजारच्या मावशी, तुर्सून एझे, दारात. पाळणा, दुलई, घामाघूम मी... ‘अगंबाई!’ म्हणत उलट्या पावली पसार.

८ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून बायकांची रीघ. तळलेले बोरसोक, लोकरीचे मोजे, एक झबलं. ‘बाळ कोणावर गेलंय?’

आई शांतपणे — ‘हळू बोला, आत्ताच डोळा लागलाय.’ आई!!

दुपारी दार धाडधाड. जिबेक! ती दातांची डॉक्टर. आमचं जमलंय हे आईला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर संध्याकाळपर्यंत लग्न लावेल!

‘कुठाय ते बाळ? आणि आई कोण त्याची?’ डोळ्यांत पाणी. मला ढकलून तिने दुलई ओढली.

बघत राहिली. मग जमिनीवर बसून हसत सुटली, उचकी लागेपर्यंत. नंतर बाह्या सरसावल्या. ‘ते टोक धर. अजून वर. अरे, वर!’

पुक्!

केवढी शांतता!

सामना सुरेख झाला, नोकरी वाचली. पण ही मुलगी कोण, आईने अजून विचारलेलं नाही. पोटात गोळा. या खेपेला माझ्याच.

९ नोव्हेंबर

न्याहारी करता करता, माझ्यासमोर, आईने फोन लावला — ‘जिबेक, मंगळवारी येतेच गं दवाखान्यात. पण आता बाई, तुला भेटायला दर वेळी दात दुखतोय म्हणून सांगायला नको. तोंड उघडून कंटाळले वर्षभर!’

पलीकडून जिबेक हसत होती.