येस

खांडबारा, १९४६

चिरंजीव अरविंद यास,

नव्या पाद्रीसाहेबांनी आज सांगितलं, तू स्वीडन देशात शेतीमंत्री झालास. आधी गावच्या पंचायतीत होतास, मग देशाच्या सभेत गेलास. त्यांच्या कागदावर तुझं नाव आर्विद होतं. मला ते कधी जमलं नाही आणि तुझीही तक्रार नव्हती.

बर्फात काय पिकतं ते मला ठाऊक नाही. पण ज्वारीचं कणीस तू पहिल्यांदा माझ्या कडेवरून पाहिलंस, हे तिथल्या लोकांना सांगत जा.

तू सात वर्षांचा असताना तुझ्या आई, मडमबाई, तुला घेऊन कायमच्या मायदेशी निघाल्या. गाडी हलली तसा तू खिडकीतून ओरडलास, "येस, माय, येस." त्यांना वाटलं, पोरगं इंग्रजी बोलतंय, आणि त्या कौतुकानं हसल्या. निघताना 'जास' म्हणू नये, 'येस' म्हणावं, हे मीच तुला शिकवलं होतं. आपल्या बोलीत तू मला 'येतो' म्हणत होतास.

पुढारी दिलेला शब्द विसरतात म्हणे. तू विसरणारा नाहीस, म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. एवढा कारभार सोडून उगाच निघशील.

तुला सांभाळणारी,
धनुमाय