सकाळचा पेला

३ फेब्रुवारी
कसालला उतरले. न्यायला लवूकाका आले होते. औषध कारखान्याच्या सांडपाणी केंद्रातले ते जुने कामगार. मी नवी केमिस्ट. बॅग उचलताना म्हणाले, आधीचो केमिस्ट उंच होतो, तुका स्टूल लागतला. मी हसले.
कारखाना घाबरटपणावरची गोळी बनवतो. सांडपाणी करवंटीच्या कोळशातून गाळून सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, तळ्यात सोडतात. तिथून ते जिरतं आणि खालच्या वाडीच्या विहिरीला लागतं. म्हणून इथे एक रीत आहे. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा एक पेला केमिस्टने रोज सकाळी सगळ्यांसमोर प्यायचा. मला रीत आवडली. प्यायले. पाण्याला चव नव्हती.

९ फेब्रुवारी
खालच्या वाडीत मथुराकाकींकडे खोली मिळाली. सोलकढी, खिडकीत माड, गाढ झोप. दुपारी मुंगसाने कोंबडी नेली. बाकीच्या तिथेच उभ्या राहून बघत होत्या. काकींनी हे हसत सांगितलं.

१४ फेब्रुवारी
कोळसा कधी बदलला, विचारलं. चार वर्षांत नाही. लवूकाका तो उपसतात, धुतात, आमसुलं वाळवावी तसा कातळावर पसरतात आणि परत भरतात. धुवन सुकयलो की नव्यासारखो, म्हणाले, टाकूचो कित्याक? कोळशाने शोषलेलं औषध धुऊन जात नाही, भट्टीच लागते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पुण्याला नमुने पाठवले.

२४ फेब्रुवारी
अहवाल आला. औषध आत येतं तेवढंच बाहेर जातं.
वाचून मला काहीच वाटलं नाही. पेला प्यायले. मग जेवले.

२६ फेब्रुवारी
पाणंदीत फुरसं होतं. शाळेची मुलं त्याला ओलांडून गेली. काकींची नात समीक्षा, सात वर्षांची, तिला डसलं. बाकीची चालत राहिली. काकी म्हणाल्या, होतला बरा, आणि भाकरी उलटली.
मी तिला स्कूटरवरून इस्पितळात नेलं. वाचली.
परतताना लक्षात आलं. जाताना मी स्कूटर तीसच्या वर नेलीच नव्हती.

२७ फेब्रुवारी
आज पेला सगळ्यांसमोर ओतून दिला. कुणी रागावलं नाही. लवूकाकांनी दुसरा भरला.
आता फक्त शहाळी. काकींच्या माडाची.

१ मार्च
डोकं दुखतं. पावलांचा आवाज आला तरी दचकते. हे चांगलं आहे.
बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद केला. त्याचं चाक काढून घेतलं. नवा कोळसा येईपर्यंत देणार नाही. शहाळी घेऊन पंपघरात बसलेय, आतून कडी. मुंबईहून साहेब फोनवर ओरडले. किती दिवसांनी कुणी ओरडताना ऐकलं! बरं वाटलं. मीही ओरडले.

२ मार्च
टाकी काठोकाठ. आज कारखाना थांबवावाच लागेल. थांबू दे.
खिडकीतून वाडी दिसते. सगळे येऊन बसलेत. दगड नाही, शिवी नाही. हसतात. काकी म्हणतात, बाय गो, भितंस कित्याक, एक घोट घे.
प्रत्येकाच्या हातात पेला.

दुपार
भोंगा झाला. कारखाना थांबला.
समीक्षा खिडकीशी आली होती. पायाला बँडेज. तिच्याही हातात—
तिला सांगितलं, ते ओत. बघत राहिली.

३ मार्च
शेवटचं शहाळं फोडलं. अर्धं प्यायले. गोड.
मग आठवलं, माड कुठलं पाणी—
थुंकले. बोटं घशात घातली.

हात थरथरतो का? थरथरतो. लिहून ठेवते.

लवूकाका दार काढतायत. घाई नाही. एकेक स्क्रू.

थरथर कमी. नाही. चिमटा काढला. रक्त. आहे, थोडी आहे.
चाक मांडीवर. ओढणीने हाताला बांधलं. दोन गाठी. तीन.

दार बाजूला ठेवलं त्यांनी. भिंतीला टेकवून, नीट.
काकी पुढे. पेला.

नाही. ओरडून सांगते सगळ्यांना. मला अजून भीती वाट