काकवीची एकादशी

देवळाली प्रवरा,
पौष, बुधवार

प्रिय प्रणिता,

आधी 'चि. सौ. प्रणितास' असं लिहिलं होतं. मग तो कागद बाजूला ठेवला. तुला ते 'सौ.' अजून आपलं वाटतं की नाही, हे सासू म्हणून मी कोण ठरवणार? कागद वाया नाही घालवला, पाठीमागे किराण्याची यादी केली. तू फोन उचलत नाहीस याचा राग नाही. उचलला असतास तरी 'जेवलीस का' एवढं विचारून मी ठेवून दिला असता, हे तुलाही ठाऊक आहे. मॅट्रिकपर्यंत शिकले, ते निदान एका पत्राला तरी कामी येऊ दे.

तू गेलीस त्याला श्रावणातल्या शनिवारपासून पाच महिने झाले. सुहासने नगरला कंपनीजवळ खोली घेतली आहे, शनिवारी रात्री येतो, रविवारी दुपारी धुतलेले कपडे घेऊन जातो. बाकीचे सहा दिवस घरात मी, देव आणि तुझे ससे. कारखाना सुरू झालाय. उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून दारावरून जातात, तेवढाच माणसांचा आवाज. सकाळी देवांना आंघोळ घालून नैवेद्य दाखवते, मग तोच मी जेवते. पूर्वी तीन पानांचा स्वयंपाक होता. आता कणीक मळताना हात आपोआप जास्त पीठ घेतो आणि मग मी थोडं परत डब्यात टाकते.

ससे तू माझ्याकडे 'दोनच दिवस सांभाळा, दादा येऊन घेऊन जाईल' म्हणून ठेवले होतेस. तुझे दादा आलेही होते. सुहासने त्यांना दारातूनच परत पाठवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. मी तेव्हा आत देवघरात होते. ऐकू येत होतं मला. असो. तर साखर आणि काकवी माझ्या गळ्यात पडल्या. पांढरीला साखर आणि तपकिरीला काकवी ही नावं तू ठेवलीस तेव्हा मी म्हणाले होते, जनावरांना कशाला खाण्यापिण्याची नावं. आता दिवसातून वीस वेळा तीच तोंडात येतात.

जन्मात मी मांजरसुद्धा पाळलं नव्हतं, हे तू जाणतेस. पहिल्या आठवड्यात काकवीने वृंदावनातली तुळस बुडख्यापर्यंत खाल्ली. साखरेने पाटाचा कोपरा कुरतडला, मग माझी जपमाळ. मी दोघींना कोंडून ठेवलं आणि रागावून बसले. शेजारच्या गोजरबाई हसून म्हणाल्या, 'काकू, त्यांचं दात वाढत्यात सारखं. कुरतडाया न्हाई मिळालं तर काय तुमचं कान कुरतडतील व्हय?' त्यांनीच मग बाभळीची काटकी सोलून आणून दिली. सशाला आंघोळ घालायची नसते, हेही मला घातल्यावर कळलं. थरथरणारी साखर पदरात गुंडाळून मी अख्खी सकाळ चुलीपाशी बसले, त्या दिवशी पूजा दुपारी झाली. गणपतीला निवडलेल्या दुर्वांतल्या जाड जाड दुर्वा आता त्यांच्या वाट्याला जातात. देव काही म्हणत नाही.

एवढं लिहिलं, पण खरं सांगायचं ते पुढेच ढकलते आहे. प्रणिता, काकवी गेली. माझ्या हातून गेली.

मार्गशीर्षातली एकादशी होती. आपल्या घरात त्या दिवशी कुणाच्या पोटात धान्य जात नाही. मला वाटलं, हे दोन जीवही याच घरातले, त्यांनाही पुण्य लागू दे. मी विचार केला, ज्वारी काय, गहू काय, शेवटी गवताच्याच जातीचे, मग गवत तरी एकादशीला कसं चालेल? म्हणून पिंजऱ्यातलं सगळं वाळलं गवत काढून ठेवलं आणि रताळ्याच्या फोडी, भिजवलेले शेंगदाणे, राजगिऱ्याचा अर्धा लाडू असा फराळ मांडला. त्यांनी तो आवडीने खाल्ला. साखर थोडं खाऊन बाजूला झाली. काकवीने तिचाही वाटा संपवला. मला केवढं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी गवत टाकलं तर काकवी त्याला तोंड लावेना. कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसली. गोजरबाईंना मी काय सांगितलं ठाऊक आहे? म्हटलं, 'बघा, काकवीने द्वादशीचाही उपास धरला. मागच्या जन्मीची कुणी पुण्यवान असणार.' गोजरबाईंनी कपाळाला हात लावला. 'आवं काकू, सशाला कुठली आलीय एकादशी? मुकं जनावर हाय ते. त्येचं काय तरी दुखत आसंल.' मी हसण्यावारी नेलं. तिसऱ्या दिवशी पोट दगडासारखं लागलं तेव्हा टोपलीत घालून राहुरीला नेलं.

तिथल्या जनावरांच्या डॉक्टरांचा हात गाईम्हशींना सरावलेला, पण माणूस भला. त्यांनी औषध पाजलं, पोट चोळायचं कसं ते दाखवलं. 'मावशी, सशाचं पोट कधीच रिकामं राहता कामा नये, आणि त्यात गवतच जायला हवं. गोडधोड आत जाऊन कुजतं. कधीपासून खात नाही?' मी म्हटलं, उपास धरला असेल असं वाटलं. ते रागावले नाहीत. नळी धुता धुता म्हणाले, 'सशाने खाणं सोडलं की तो उपास नसतो, मावशी. आजार असतो. दुखलं तरी हे जनावर ओरडत नाही. कोपरा धरतं, बस्. घरच्याने ओळखायचं असतं.' दुसरी वाचायला हवी असेल तर ती रोज काय खाते, किती लेंड्या टाकते ते लिहून ठेवा, असं सांगितलं.

परत येताना रिक्षातच, दुपारी अडीचच्या सुमाराला, काकवी माझ्या मांडीवर गेली. आवाज केला नाही. जास्वंदीखाली पुरलं तिला. साखर संध्याकाळभर मागचा पाय जमिनीवर आपटत राहिली. मग तीही गप्प झाली. तेव्हापासून मी पिंजऱ्याचं दार लावतच नाही. ती माझ्या अंथरुणाच्या पायथ्याशी येऊन बसते.

डॉक्टरांनी लिहायला सांगितलं म्हणून माझी निळी वही काढली. तुला ती पाठ आहे. रोज पीठ किती भिजवलं, कुणी काय खाल्लं, काय उरलं, दुसऱ्या दिवशी त्याचं काय केलं. तुम्ही दोघं हसायचात तिला. मागची कोरी पानं साखरेसाठी घेतली, आणि पानं मोजताना सहज पुढची उघडली. माघापासून श्रावणापर्यंत माझ्याच अक्षरात ठिकठिकाणी लिहिलं होतं: 'प्र. उपास.' 'प्र. उपास, भाजी उरली.' 'प्र. फक्त चहा.'

मी कालनिर्णय काढलं आणि शेजारी ठेवून एकेक तारीख लावत गेले. सगळ्या घराच्या एकादश्या सोडून एकेचाळीस दिवस. त्यात चतुर्थ्या, सोमवार मिळून पंचांगातले उपास अकरा. उरलेले तीस दिवस कसले होते, बाई? कुठला मंगळवार, कुठला साधा बुधवार. मग मला दिसलं की ज्या आठवड्यात सुहासला रात्रपाळी होती, त्या आठवड्यात लिहिलंय, 'प्र. दोन भाकरी, मेथी. आज काही उरलं नाही.' त्याची दिवसपाळी सुरू झाली की पुन्हा उपास.

तुझी शाळेतली नोकरी सुटल्यापासून तो ताटावर तुला काय काय म्हणायचा, ते मला ऐकू यायचं. 'बसून खायला बरं सुचतं', 'आयतं मिळतंय तर वाढून घे अजून'. मी काय करायची? जप मोठ्याने म्हणायला लागायची. तू हात धुऊन उठायचीस, म्हणायचीस, 'आई, आज माझा उपास आहे.' आणि मी हळदीकुंकवाला चार बायकांत सांगायची, आमच्या सुनेसारखं व्रत कुणाला झेपायचं नाही. तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तेही मला तपाचं तेज वाटलं. तू माझ्यासमोर कोपरा धरून बसली होतीस आणि मी कौतुक करत होते.

क्षमा मागण्यासाठी हे लिहिलेलं नाही. ती मागायला मला तोंड नाही, आणि तू परत यावंस असंही मी म्हणणार नाही. लिहायला बसले ते रविवारसाठी. राजूरला तुझ्या माहेरी, तुम्हा दोघांचं पुढे काय, याची बैठक ठरली आहे, सुहास मला घेऊन येणार आहे. गेल्या शनिवारी त्याने मला काय बोलायचं ते शिकवून ठेवलं: 'आई, तू एवढंच सांग, घरात काही कमी नव्हतं, उपासतापास करून तीच वाळली. तू तर सगळ्यांना हेच सांगायचीस.' खरंच, मी हेच सांगायची. मी त्याला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण रविवारी मी त्याच्या गाडीत बसणार नाही. सकाळच्या एसटीने संगमनेरला गाडी बदलून येईन. साखर गोजरबाईंकडे राहील, तिला त्यांची सवय झाली आहे. तुला ती हवी असेल तर मागाहून मी स्वतः आणून देईन. पिशवीत निळी वही असेल. तुझ्या माणसांसमोर आणि त्याच्यासमोर मी ती माघापासून वाचणार आहे, रात्रपाळीच्या आठवड्यांसकट. तू आदल्या दिवशी धास्तावून राहू नयेस, म्हातारी आता काय बोलेल म्हणून जेवण टाकू नयेस, एवढ्यासाठी हे पत्र. रविवारी एकादशी आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी एकही मोडलेली नाही. या वेळी भाकरी खाऊन निघणार आहे. उपाशी पोटी माझा आवाज निघत नाही, आणि त्या दिवशी तो शेवटच्या पानापर्यंत पुरायला हवा.

तुझीच, तू म्हणशील ती,
सुनीती