मल्लम्माच्या रानातलं सोनं

हिरेगुड्डा कॅम्प, जि. रायचूर
१२ जानेवारी २०२५

ती. आप्पांस,
तेजस्विनीचा शि. सा. न. वि. वि.

पोचले, जेवले, विंचू अजून दिसलेला नाही; हे आधी आईला सांगा. इथे फोनला रेंज नाही. आमचा सोलापूरचा ड्रायव्हर सुखदेव बाजाराच्या दिवशी लिंगसुगूरला जातो, तो टपाल टाकेल. तेव्हा आता माझं अक्षर वाचणं तुमच्या नशिबी आलं.

आप्पा, हा डोंगर बघायलाच हवा तुम्ही! इंग्रजांच्या वेळची खाण कधीच बंद पडली, धुराडं तेवढं उभं आहे. त्याच्याही कितीतरी आधी इथल्या लोकांनी दगड तापवून, त्यावर पाणी ओतून फोडला आणि खोल खड्डे खणले. सगळे पांढऱ्या गारगोटीच्या एका शिरेमागे गेले, कारण सोनं आणि थोडी चांदी त्या गारगोटीतच असते. पायथ्याशी मात्र ती शीर एकदम संपते.

ती पुढे कुठे गेली, हे आम्ही शोधतोय. मशीन जमिनीत भोक पाडतं, दगडाची लांब कांडी वर येते, ती मी तपासते. आजवरच्या सगळ्या कांड्या कोऱ्या. आमचे प्रमुख सुदर्शन सर म्हणतात, शीर संपली. मला वाटतं, जमीन तिथे तुटून सरकली आहे आणि शीर पूर्वेच्या शेतांखाली गेली आहे. तसं बोलले तर म्हणाले, पुण्याच्या लोकांना खाली न बघताच सगळं दिसतं! एकच भोक पाडायचं उरलंय, मग मशीन जाणार. मी काही गप्प बसणार नाही.

रागवायचं असेल तर पत्रातून रागवा, पण लोभ तेवढाच ठेवा.
तुमची,
तेजस्विनी

हडपसर, पुणे
२१ जानेवारी २०२५

चि. तेजस्विनीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर पाहून वाटलं, तू डॉक्टरच व्हायला हवी होतीस.

तू सोनं आणायला गेलीस, असं तुझ्या द्वारका आत्याने मंडईभर सांगितलं आहे. शेजारच्या बाई विचारून गेल्या की, तिथलं सोनं घडणावळीशिवाय मिळतं का. मी म्हटलं, मिळतं, पण डोंगर घरी न्यावा लागतो.

आता कामाचं. वारज्याच्या कॉलेजातून तुला मुलाखतीचं बोलावणं आलंय, सहा फेब्रुवारीला. कायमची नोकरी आहे. आईने साडी इस्त्री करून ठेवली. मी बळजबरी करत नाही. पण आपल्या रानात मी बोअर मारली तेव्हा सगळं गाव बघायला उभं होतं आणि वर आला नुसता धुरळा. त्या दिवशी घास उतरला नाही. तुझ्यावर ती वेळ येऊ नये, एवढंच.

खड्ड्यात उतरू नकोस. सरांशी जरूर भांड, पण आवाज चढवू नकोस. ते आपल्या घरात फार झालं आहे.

आईचे आशीर्वाद. खुशाली कळवण्यात कंजुषी नको.
आप्पा

हिरेगुड्डा कॅम्प
९ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

मुलाखतीला आले नाही. आधी रागवून घ्या, मग पुढचं वाचा.

सरांनी मला पुरावा आणायला सांगितलं. मी पूर्वेची शेतं पालथी घातली. मल्लम्मा नावाच्या बाईंच्या बांधावर, नांगराने वर काढलेल्या दगडांत, मला तीच गारगोटी सापडली, गंजल्यासारख्या डागांची! सर भिंग लावून बघत राहिले, बांधावर बसले, आणि म्हणाले, शेवटचं भोक इथेच.

पण रानात ज्वारी उभी. कंपनीचा एक साहेब म्हणाला, भरपाई देऊ, मशीन घाला. मल्लम्मा एकट्या शेती करतात. सुखदेवला कानडी येतं, त्याच्याकरवी त्या म्हणाल्या की ही माझी वर्षाची भाकरी आहे, भरपाईचं काय थापून खाऊ? त्यांचं खरं होतं. मशीन मात्र महिना संपायच्या आत परत न्यायचं होतं. मग मीच विचारलं की, आम्ही ज्वारी काढून दिली तर? त्या हसल्या. आम्हाला जमेल असं त्यांना वाटलं नाही, पण हो म्हणाल्या.

आख्खा कॅम्प रानात उतरला. सरांच्या तळहाताला फोड आले. मुलाखतीच्या दिवशी मी ज्वारी उपटत होते, आप्पा. तुमच्या मागे मागे पेंढ्या गोळा करायचे, ते आठवत होतं. आपल्या त्या रानात आता मोबाईलची दुकानं आहेत.

शेवटची पेंढी उचलली आणि मशीन आत आलं. उद्या सुरू!

अबोला धरू नका. एक ओळ तरी लिहा.
तेजस्विनी

हिरेगुड्डा कॅम्प
१२ मार्च २०२५

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

लागली! आप्पा, शीर लागली!

प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. आधी नुसता काळा दगड येत होता. सर माझ्याकडे बघायचंही टाळत होते. मग भोकातून येणारं पाणी दुधासारखं झालं, मशीनवाला ओरडला, मी चप्पल न घालताच धावले. कांडी पांढरीशुभ्र, मध्ये राखाडी रेघा, आणि एका रेघेत पिवळा ठिपका. असे ठिपके फसवतात. खोटं असेल तर सुईने चुरा होतो. मी सुई टोचली. चुरा झाला नाही. मऊ चेपलं गेलं!

सरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. काल निकाल आला, सोनं चांगलं आहे, चांदीही आहे. आणखी भोकं मंजूर झाली आणि ते काम माझ्याकडे आहे. कंपनी जाहीर करेपर्यंत आत्याच्या कानावर घालू नका.

फक्त मल्लम्मांनी विचारलं की आता मला इथून उठवणार का. आप्पा, तुम्ही या. जमीन गेल्यावर काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे.

वाट बघते. लोभ घेऊनच या.
तेजस्विनी

हडपसर, पुणे
२८ मार्च २०२५

चि. तेजस्विनीस,
अ. उ. आ.

तुझ्याकडून सुखरूप घरी पोचलो. तू दाखवलेला तो पिवळा ठिपका डोळ्यांपुढून हलत नाही. मी जमिनीत भोक पाडलं तर धुरळा आला, माझ्या पोरीने पाडलं तर सोनं आलं. आईला सांगताना मी उभा राहून हातवारे करत होतो म्हणे.

तू कांड्यांपाशी होतीस तेव्हा मी मल्लम्मांच्या बांधावर बसलो. सुखदेव मध्ये होता. खोटा धीर दिला नाही. म्हटलं, आमचं रान गेलं, तिथल्या दुकानांचं भाडं येतं, उपाशी नाही. पण सकाळी उठून जायला जागा उरली नाही. आमच्याकडे जमिनी जाताना एकेकट्याने सह्या केल्या त्यांचं कोणी ऐकलं नाही, जे सगळे मिळून बसले त्यांचं ऐकावं लागलं. तेव्हा साऱ्या शेतकऱ्यांना गोळा करा, कागद वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका, आणि नाही म्हणायचं असेल तर तसं ठणकावून म्हणा.

मग मल्लम्मांनी विचारलं की, सगळं ठरेपर्यंत तुमची मुलगी इथे राहील का, की सोनं सापडलं म्हणून निघून जाईल.

तुला न विचारता मी राहील म्हणून सांगून आलो आहे. वारज्याची नोकरी मी विसरलो, तूही विसर. त्या बाई माझ्या शब्दावर उठून पेरणीचं बोलायला लागल्या. आता तो शब्द तुझा आहे.

आईचे आणि माझे अनेक आशीर्वाद.
आप्पा