सहा लिव्हरचं कुलूप

९ ऑक्टोबर

आजही शार्दूल बाहेरून कुलूप लावून बँकेत गेला. पोटचा मुलगा! मागोमाग सूनबाईंच्या चपलांचा आवाज. दोघं कामावर, आम्ही दोघं कोठडीत.

"बाबा, कुलूप आईसाठी आहे, तुमच्यासाठी नाही." हे त्याचं ठरलेलं वाक्य. मग मी दाराच्या कुठल्या बाजूला आहे रे?

१० ऑक्टोबर

श्रावणात शरदिनी एकटीच घराबाहेर पडली होती. मणिकर्णिका घाटावर, चितेच्या लाकडांपाशी सापडली. तेव्हापासून हे. किल्ली माझ्याकडून काढून घेतली. "दार सताड उघडं, आणि तुम्ही आत डोळे मिटून कविता म्हणत होतात!" — अंतरा, आमची सून. गॅसजवळ उभी राहून, मला ऐकू जाईल अशा बेताने.

म्हणत होतो. बायकोलाच म्हणून दाखवत होतो. जन्मभर मुलांना वृत्तं शिकवली, डोळे उघडे ठेवून कविता म्हणता येत नाही मला. आणि शरदिनी विसरते म्हणजे काय? भाजीत मीठ दोनदा टाकते, शार्दूलला "दादा" म्हणते. इतकंच! घरोघरी म्हातारी माणसं विसरतात. त्यांना कोणी कोंडत नाही.

१३ ऑक्टोबर

इथल्या, काशीच्या पंचांगाने कार्तिक लागला. शरदिनी सारखं एकच विचारते — "अहो, आकाशदिवे लागले का हो?"

लग्नानंतरच्या पहिल्या कार्तिकात तिला पंचगंगा घाटावर नेलं होतं. सातारची पोर, गंगा नवी. बांबूच्या टोकाला वेताच्या टोपल्या, टोपल्यांत दिवे. दोरी ओढली की वर वर जातात. ती म्हणाली होती, "पितरांना घर सापडावं म्हणून ना हे?" आणि मग हळूच माझा हात धरला होता. भर घाटावर! त्या काळी!

यंदा तिला न्यायचंच. शार्दूलला सांगितलं. "रविवारी बघू." रविवार झाला. "पुराचा गाळ आहे अजून पायऱ्यांवर, बाबा." गाळ कधीच धुऊन निघाला. मला काय कळत नाही?

नको तुझी किल्ली.

१५ ऑक्टोबर

बिंदुमाधवने ठठेरी बाजारातून मला सरावाला तस्संच इंटरलॉक आणलं, दारातच बसवायचं, आतून-बाहेरून किल्ली लागणारं. दारावर आहे त्याच कंपनीचं, सहा लिव्हरचं. आमचं हे प्राथमिक शाळेपासूनचं मैत्र. गल्लीत उभा राहून ओरडतो कसा — "नीळू, म्हातारपणी चोरी शिकतोस? पेन्शन पुरत नाही?"

"हळू बोल, गाढवा!"

"पकडला गेलास तर मी तुला ओळखत नाही हां!"

भाजीची टोपली दोरीने खाली सोडली, कुलूप वर ओढून घेतलं. शरदिनी टाळ्या वाजवत होती.

१६ ऑक्टोबर

स्क्रू काढून आतलं पाहिलं. पितळेची सहा पाती, एकावर एक, प्रत्येकाला आपली स्प्रिंग. किल्ली प्रत्येक पातं वेगवेगळं उचलते. सगळ्यांच्या खाचा एका रेषेत आल्या की कडीची खुंटी आत शिरते आणि कडी सरकते. एक पातं कमी उचललं, तरी नाही. जास्त उचललं, तरी नाही!

छत्रीची काडी वाकवून कडीला दाब द्यायचा. सायकलच्या स्पोकने पाती उचलायची. मोबाइलवर एक गोरा माणूस बोलता बोलता उघडतो. हरामखोर.

१८ ऑक्टोबर

चार बसतात. पाचवं उचललं की पहिलं पडतं. माझ्या आठवीच्या वर्गासारखं.

२१ ऑक्टोबर

दिवाळी. सूनबाईंनी अनारसे केले, छान झाले होते. शार्दूल पाया पडला. मग मित्राकडे जाताना दार लावून गेला. सणाचंही!

२४ ऑक्टोबर

आज एक कळलं. दाब जास्त झाला की पाती जागच्या जागी आवळतात. बोटं अशी हवीत, जशी झोपलेल्या मुलाच्या कपाळावर. मी रागावलो की एकही हलत नाही. आणि मी तर दिवसभर रागावलेलाच असतो. शिकणार कधी?

मग वृत्त लावलं. पहिलं पातं जरासं — लघु. दुसरं, तिसरं बरंच वर — गुरू, गुरू. पुन्हा लघु, गुरू, गुरू. अरे, हा तर भुजंगप्रयात! पुटपुटत उचलत गेलो. डोळे मिटलेले. खट!

शरदिनी म्हणाली, "कुणी आलं का?"

२८ ऑक्टोबर

सरावाचं कुलूप आता हुकत नाही. बिंदुमाधव खालून — "गुरुजी, माझ्या व्याह्यांची तिजोरी आहे, येता का?"

३१ ऑक्टोबर

खऱ्या दाराशी बसलो. नाही उघडत. कंपनी तीच, चाल वेगळी. कुठलंच वृत्त बसेना. तेवढ्यात अंतराचा फोन. "बाबा, काय चाललंय?" काही नाही, वाचतोय.

खोटं बोलायला लावतात आपल्याच घरात.

३ नोव्हेंबर, दुपार

उघडलं!! वृत्त सोडून दिलं आणि नुसतं ऐकलं. प्रत्येक पातं आपलं आपण सांगतं, पुरे आता.

गल्लीतला वारा आत आला. शरदिनीला शाल दिली, चप्पल घातली. शार्दूल सातला येतो. त्याच्या आत परत.

४ नोव्हेंबर

काल दूधविनायकाच्या गल्लीतून ती माझ्या पुढे चालत होती. एकही वळण चुकली नाही. मनात म्हटलं, बघ शार्दूल! ही विसरली म्हणतोस?

पंचगंगेवर वरच्या पायरीवर बसलो. अंधारू लागलं. एकेक टोपली वर गेली. तिचं तोंड उजळलं, अगदी तेव्हासारखं. मी हलक्या आवाजात कविता म्हणू लागलो. डोळे उघडे ठेवून. हात पुढे केला.

तिने हात झटकला. "तुम्ही कोण?"

"अगं, मी."

ती उठली. खाली काशीनाथ नावाडी होडी बांधत होता, त्याला हाका मारायला लागली — "भैया! ये आदमी हमको ताले में बंद रखता है! रोज! हमारे साहब को बुला दो."

काशीनाथ मला ओळखतो, त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता. हसत म्हणाला, "अरे माताजी, साहब तो यही हैं."

"ये? ये तो बुड्ढा है! हमारे साहब जवान हैं. कविता कहते हैं."

माणसं वळून बघायला लागली. एका बाईने शरदिनीला जवळ घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं!

"बुरा मत मानिए, मास्टरसाहब," काशीनाथ म्हणाला. घरापर्यंत ती त्याचा हात धरून आली. मी मागून.

५ नोव्हेंबर

परवाचं एक लिहायचं राहिलं. काशीनाथ गेल्यावर, शार्दूल यायच्या आत दार पुन्हा बंद करायचं होतं. बंद करतानाही सगळी पाती उचलावी लागतात. तो सराव मी कधी केलाच नव्हता. ती माझी बाही ओढत होती — "जाऊ द्या हो मला, माझ्या घरी जाऊ द्या."

मी पाती उचलत गेलो. पहिल्याच खेपेला लागलं.