यॅपच्या साच्यातली फट

हूफडॉर्प, नेदरलँड्स,
१२ जुलै २०२०

प्रिय अरुण,

मी इथे प्रांजलीकडे बरा आहे. जावईबापू अंबरीश घरातूनच ऑफिस करतात. तू आणि मीनल सुखरूप असाल. माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. पण फोनवर आपलं ‘हं’ आणि ‘बरं’ यापुढे जात नाही, म्हणून लिहायला बसलो. अंबरीशच्या ऑफिसातले एक गृहस्थ अडकलेल्यांसाठीच्या खास विमानानं पुण्याला येताहेत, त्यांच्याकडे देतो आहे; ते तुला फोन करतील.

इथे बसमध्ये मास्क लागतो, दुकानात लागत नाही. दीड मीटर लांब उभं राहायचं, एवढंच. विमानतळ इतका जवळ, पण आभाळात आवाज नाही. ऊन रात्री दहापर्यंत असतं. झोप लागते.

शेजारी यॅप म्हणून एकजण राहतो. माझ्याच वयाचा, एकटा. नळीच्या तोंडातून दारू ठासायच्या जुन्या बंदुका असतात ना, तसल्या बंदुकीनं नेमबाजी करणाऱ्यांचा क्लब आहे, त्याचा तो सभासद. परवाना वगैरे सगळं रीतसर. क्लब मार्चपासून बंद, तरी हा बागेतल्या शेडमध्ये शिसं वितळवून गोळ्या ओतत बसायचा. प्रांजलीनं त्याला सांगितलं, की बाबा आणि काका दोघंही भोसरीला साचे बनवायच्या टूलरूममध्ये होते. झालं. त्यानं साचा कुंपणावर आणून ठेवला आणि स्वतः चार पावलं मागे सरकला.

ॲल्युमिनियमचे दोन ठोकळे, लाकडी मुठींच्या सांडशीला बसवलेले. मिटले की मध्ये फट. त्यामुळे प्रत्येक गोळीच्या कमरेला शिशाचा पापुद्रा. आपण फ्लॅश म्हणायचो तोच. तुला आवडलं असतं ते काम.

आधी तोंडं साफ केली. शिशाचे बारीक कण चिकटले होते, ते लाकडाच्या काडीनं काढले, लोखंड लावलं नाही. मिटून उजेडाकडे धरला. फट तशीच. मग दोन ठोकळे जुळवणाऱ्या पिना पाहिल्या. एकीच्या कडेला बर, धातूची बारीक कुसळ, आली होती, ती घासून काढली. आता एका बाजूची उजेडाची रेघ गेली, दुसरीकडची राहिली. म्हणून ठोकळा काचेवर ठेवून बोटानं दाबला, तर डुगडुगला. म्हणजे वाकलाच होता.

प्रांजलीला म्हटलं, “विचार त्याला, तापलेला साचा पाण्यात बुडवला होता का?”

तिनं डचमध्ये विचारलं. यॅपचे कान लाल झाले. “या,” म्हणजे ‘हो’, म्हणाला. मग बरंच काही बोलला.

“घाईत होतो म्हणतोय,” प्रांजली म्हणाली. “थंड होईपर्यंत धीर धरवला नाही.”

काचेवर बारीक पॉलिश पेपर चिकटवून मी दोन्ही तोंडं हलक्या हातानं घासली. उजेड दिसेनासा झाला. पण तेवढा धातू गेला की आतली पोकळी गोल राहत नाही, हे तुला सांगायला नको. त्याला सांगितलं, गोळी आता किंचित चपटी येईल. तो म्हणाला, नव्या साच्यापेक्षा हाच बरा, ह्याची सवय आहे.

ती दुपार कुठली, ते लिहायचं राहिलं. एप्रिलमधली. त्याच दिवशी सकाळी तू स्मशानातून व्हिडिओ कॉल लावला होतास.

तो कॉल संपला. प्रांजली आत जाऊन रडत होती. अंबरीशनं चहा ठेवला, तो मी प्यायलो. आंघोळ केली. मग कुंपणावर साचा दिसला, म्हणून तो घेऊन बसलो. प्रांजली बाहेर आली, तिचे डोळे सुजलेले. मी तिला यॅपला प्रश्न विचारायला लावले आणि तिनं ते विचारले. पोरीला काय वाटलं असेल, हे मला त्या वेळी सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी यॅपला कळलं. तो कुंपणापाशी आला, डोक्यावरची टोपी काढली. “काल का नाही सांगितलंस?” असं त्यानं विचारल्याचं प्रांजली म्हणाली.

“काम हातात होतं,” मी म्हटलं. तिनं ते भाषांतर केलं नाही.

अरुण, मला अजून रडू आलेलं नाही. जेवतो, फिरून येतो, डबे धुतो. तुझ्या वहिनीचं, सुचित्राचं, नाव निघालं तरी आत काही हलत नाही. थंडी सोसणार नाही म्हणून ती मागे राहिली, मे महिन्यात येणार होती. तिच्यासाठी लोकरीची टोपी प्रांजलीनं आधीच आणून ठेवली होती. ती मी घालतो.

आणखी एक. ज्या विमानानं हे पत्र येतंय, त्यात माझी जागा होती. प्रांजलीनं खटपट करून मिळवली होती. मी पोट बिघडल्याचं सांगितलं. जूनमध्येही असंच केलं होतं. ह्या खेपेला तिनं ऐकून घेतलं नाही.

“बाबा, तुम्हाला परत जायचंय की नाही, एवढं सांगा.”

“नाही.”

“का?”

“जाऊन दाराची बेल कुणासाठी वाजवू?”

ती माझ्याजवळ बसली.

तुला एक विचारायचं आहे. स्मशानात तुझा अंगठा सारखा कॅमेऱ्यापुढे येत होता. मला ती नीट दिसली नाही. मीनलनं तिला साडी नेसवली, असं कळलं. कोणती? चेहरा कसा होता? झोपल्यासारखा की दुखल्यासारखा? फोनवर सांगू नकोस. समोर बसून सांग.

तू वेगळं बिऱ्हाड केलंस, तेव्हा आपण दोघंही नको ते बोललो. नंतर दोघंही गप्प बसलो. सुचित्रा मात्र तुमच्याकडे येत राहिली. मला ते ठाऊक होतं. परत आली की तिच्या पिशवीत मीनलच्या हातचं लोणचं असायचं आणि मी ते ताटात वाढून घ्यायचो. तिचं हे येणं-जाणं होतं म्हणून शेजाऱ्यांनी आधी तुला फोन केला, आणि पोलिसांच्या परवानगीचा कागद घेऊन तू चिंचवडहून आलास. अग्नी तू दिलास. ‘उपकार’ हा शब्द तुझ्यासाठी मला लिहवत नाही, आणि दुसरा सापडत नाही.

आज सकाळी प्रांजलीला ऑगस्टच्या विमानासाठी नाव द्यायला सांगितलं. तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. तिकडचं विलगीकरण संपलं की एकदम आमच्या घरी जाणं मला जमणार नाही. आधी तुमच्याकडे येईन म्हणतो. तुमच्या घराचा पत्ता मला माहीत नाही, तो कळव. मीनलला विचारून कळव. ती नको म्हणाली तर तसं स्पष्ट लिही, मला वाईट वाटणार नाही.

वाटेल. तरी लिही.

मीनलला आशीर्वाद लिहिणार होतो. मोठा दीर म्हणून तोच रिवाज आहे. पण माझ्या बायकोला तिनं शेवटची साडी नेसवली, म्हणून तिला माझा नमस्कार सांग.

तुझा,
दादा